पर्डी नावाचा गृहस्थ

"अहो, वरच्या कपाटातली परडी काढून देता का जरा? माझा हात पोचत नाही."

मावशी हे मला म्हणाली नव्हती. पुरण घाटता घाटता तिने काकांना हाक दिली होती, आणि एडिसन गावातल्या तिच्या लहानशा स्वयंपाकघरात मी तिच्याकडे पाठ करून वेलदोडे सोलत उभी होते. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा मेपल अंगभर पिवळा झाला होता. त्याचा उजेड आत येऊन ओट्यावर, गुळाच्या वाफेवर, स्टीलच्या डब्यांच्या झाकणांवर हळदीच्या पातळ पाण्यासारखा पसरला होता. नवरात्रातला शनिवार होता. मंगळवारी-शुक्रवारी ऑफिस असतं म्हणून मावशीच्या घरची परडी शनिवारीच भरली जाते, आणि देवी एवढं समजून घेते, असं मावशीचं म्हणणं आहे.

हातातला वेलदोडा अर्धवट सोललेला राहिला. परडी. मी तो शब्द मनात पुन्हा म्हटला. मग तोच शब्द अमेरिकन जिभेने म्हणून पाहिला. मग तो रोमन लिपीत, विटलेल्या तपकिरी शाईत, शंभर वर्षांपूर्वीच्या वळणदार अक्षरात लिहून पाहिला.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात, एका कॉलेजच्या संग्रहालयात नोंदी करण्याचं काम करते. संग्रहालयाचं नाव इथे लिहीत नाही, आणि ज्या देशाविषयी पुढे लिहिणार आहे त्याचंही नाही. तशा कागदावर माझी सही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आमच्याकडच्या अडतीस वस्तू परत जायच्या होत्या. भाजलेल्या मातीची काही शिरं, लाकडी बैठका, एक फुटका नगारा, आणि सोनं तोलायची पितळी वजनं, एकेक बोटाच्या पेराएवढं, कुणी मासा तर कुणी मगर. त्यांच्या मागणीचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी शाळेत होते. मधली वर्षं पत्रांत, समित्यांत आणि वकिलांत गेली. आता कुठे यादी पक्की झाली होती, तिकडची माणसं येऊन पोचली होती, आणि सोमवारी सकाळी अकराला सह्या व्हायच्या होत्या.

ती यादी मी टंकली होती. ज्या दिवशी कामावर रुजू झाले त्या दिवसापासून माझं काम तेच होतं: जुनी कार्डं एकेक करून वाचायची आणि त्यातला मजकूर कॉम्प्युटरच्या रकान्यांत भरायचा. तळघरातली ती खोली कायम थंड असते आणि तिला कसलाही वास नसतो. वास येणं म्हणजे काहीतरी कुजतं आहे, असं तिथे समजतात. मला ती खोली आवडायची. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे.

सत्तावीस नंबरची वस्तू म्हणजे वेताची एक छोटी टोपली आणि तिच्याभोवती गुंडाळलेली कवड्यांची माळ. कवड्या दिसल्या की पश्चिम आफ्रिका, हे आमच्या क्षेत्रात इतकं गृहीत असतं की त्यासाठी कुणी मान वर करून पाहतही नाही. खरं तर त्यातल्या कितीतरी कवड्या मालदीवच्या समुद्रातून, आपल्याच बाजूच्या पाण्यातून, जहाजं भरभरून तिकडे गेल्या होत्या. हेही मी वाचलेलं होतं. ज्या पेटीत ही टोपली सापडली ती एका मिशनरी कुटुंबाची होती. थोरला भाऊ पश्चिम आफ्रिकेत धर्मप्रसारासाठी गेलेला. टोपलीसोबतच्या कार्डावर एकच ओळ होती. पी, यू, आर, डी, आणि दोन ई. पुढे स्वल्पविराम आणि 'शिंपल्यांसह'.

मी ते वाचलं, क्षणभरही न अडखळता 'पर्डी' असं मनात म्हटलं आणि 'संग्राहक' या रकान्यात टाकून पुढच्या कार्डाकडे वळले.

पर्डी हे मला एखाद्या साहेबाचं आडनाव वाटलं. शाळेच्या पुस्तकांतून असे कितीतरी साहेब मला भेटलेले होते, त्यांची घरं, त्यांचे कुत्रे, त्यांच्या चहाच्या वेळा मला तोंडपाठ होत्या. एकदा रकान्यात शिरल्यावर तो गृहस्थ तिथे आरामात राहू लागला. आमच्या विभागप्रमुख लिंडा यांनी अहवाल लिहिताना 'पर्डी, बहुधा किनाऱ्यावरचा व्यापारी' असं वाक्य घातलं. मग वकिलांच्या मसुद्यात 'बहुधा' गळून पडलं. उन्हाळा संपेपर्यंत त्या माणसाला पेशा मिळाला, काळ मिळाला, आणि माझ्यापुरता तर चेहराही मिळाला होता: घामोळ्यांनी लाल झालेला, पांढऱ्या टोपीखालचा.

काकांनी स्टुलावर चढून परडी खाली काढली. धूळ झटकायला फुंकर मारत ते म्हणाले, "हिला घेऊन येताना एअरपोर्टवर काय तमाशा झाला माहितेय? सिक्युरिटीवाला कवड्या मोजतोय आणि मला विचारतोय, सर, इज दिस अ म्युझिकल इन्स्ट्रुमेंट? मी म्हटलं, नो, दिस इज माय मदर-इन-लॉ."

"तुमचं आपलं काहीतरीच," मावशी म्हणाली. "मनू, धर गं ती. पालथी नको करूस."

मी दोन्ही हातांनी धरली. निळे हातमोजे नसताना असली वस्तू मी पहिल्यांदाच धरत होते. काठाला वेताचा तसाच दुहेरी वळसा. कवड्या काळ्या दोऱ्यात तशाच, पोटं बाहेर करून ओवलेल्या. आणि वेताच्या विणीत खोलवर, कुठल्याच ब्रशने निघणार नाही असा, गडद लाल थर.

"हे लाल काय आहे, मावशी?"

"कुंकू. दुसरं काय असणार?"

दुसरं काय असणार! मी लिहिलं होतं: 'लाल रंगद्रव्य, अज्ञात, बहुधा पश्चिम आफ्रिकेतल्या लाल लाकडाची भुकटी.' तो 'बहुधा' तरी माझा होता.

"इंग्लिश मीडियमला घातली तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं," मावशी पुरणाचा चमचा काठावर आपटत म्हणाली, "या पोरीला परडी काय नि टोपली काय, सगळं एकच बास्केट. अगं, आईची परडी ही. बार्शीला आमच्याकडे चार होत्या. पीठ, मीठ, तांदूळ, वर पुरणपोळी. आणि रिकामी नाही ठेवायची, निदान चार दाणे तरी."

शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. फुलांची परडी मी ऐकलेली होती. पण ऐकलेला शब्द आणि वाचलेला शब्द यांची माझ्या डोक्यात दोन वेगळी घरं आहेत, आणि त्यांच्यामधलं दार मी स्वतःहून कधी उघडलेलं नाही. मावशीला मी काहीच सांगितलं नाही. कामाचे फोटो बाहेर दाखवायचे नाहीत असा नियम आहे, आणि तो नियम त्या दिवशी मला फार सोयीचा वाटला.

रविवारी परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर तांबडे, गंजलेले, मधूनच एखादा पिवळा. थंडीआधीचा तो उघडा, स्पष्ट उजेड, ज्यात काहीच लपत नाही. मी मनात डॉ. अमा यांच्याशी बोलत होते.

डॉ. अमा म्हणजे त्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पुरातत्त्व विभागाच्या प्रमुख. गुरुवारी आल्या तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की अमा हे शनिवारी जन्मलेल्या मुलीचं नाव, त्यामुळे माझा वाढदिवस विसरलात तरी वार विसरू नका. पन्नाशी ओलांडलेल्या, धिप्पाड, साखळीला अडकवलेला चष्मा. त्यांच्याबरोबर आलेले पिकल्या केसांचे हिशेबनीस त्यांना भर बैठकीत 'आन्टी' म्हणत, आणि ते ऐकून लिंडा दर वेळी दचकत. मी दचकले नाही. आमच्याकडेही हे असंच असतं, असं त्यांना सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही.

गुरुवार-शुक्रवार मी त्यांच्यासोबत एकेक खण उघडत होते. प्रत्येक वस्तूपुढे त्या थोडं थांबत, काहीतरी पुटपुटत, घरच्या माणसाला स्टेशनवर ओळखल्यावर पुटपुटावं तसं. मातीच्या एका शिरापुढे त्यांचा आवाज बंदच झाला आणि मी नंबर लिहिण्याचं निमित्त करून खाली पाहिलं. सत्ताविसाव्या खणाशी मात्र त्या पुटपुटल्या नाहीत. टोपली फोमच्या ताटासकट फिरवून त्यांनी काठ पाहिला, वीण पाहिली, पुन्हा काठ पाहिला.

"आमच्या बायका असा काठ वळत नाहीत," त्या म्हणाल्या. "हा हात वेगळा आहे. आणि हा पर्डी कोण? आमच्या कुठल्याच कागदात नाही."

मी खांदे किंचित उचलले.

त्यांनी चष्मा काढला. "बरं. तुमच्या कागदावर लिहिलंय ना. मग असेल." जराशाने माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "तू फार गप्प असतेस. माझ्या ऑफिसात गप्प मुली दोन प्रकारच्या. एक विचार करतात, दुसऱ्या लपून बसतात. तू कुठली?"

मी हसले. हसणं हे माझं नेहमीचं उत्तर आहे.

बसमध्ये ते वाक्य मला टोचत राहिलं. गप्प मुलीचं नव्हे, कागदाचं. ज्यांच्या वस्तू इथल्या माणसांनी नेल्या, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं बाजूला ठेवून इथल्याच कागदावर विश्वास ठेवायचा, आणि तो कागद माझा. गप्प बसले तर काय बिघडणार होतं? टोपली विमानाने जाईल, चांगल्या उजेडात काचेमागे बसेल, खाली पाटी लागेल. मावशीच्या घरी त्याने काय कमी होणार होतं? पण कधीतरी तिथे माझ्यासारखीच कुणी मुलगी येईल, पाटी वाचेल, हसेल, फोटो टाकेल. आणि मग लोक म्हणतील, यांना स्वतःचं काय नि दुसऱ्याचं काय हेही ओळखता येत नाही, यांच्या हाती का दिलं हे सगळं? माझ्या एका शब्दाचं खापर त्यांच्या अडतीसच्या अडतीस वस्तूंवर फुटेल.

आणि बोलले तर? लिंडांनी महिन्याभरापूर्वीच बजावलं होतं, "एक स्पेलिंग चुकलं तरी यादी पुन्हा कॉलेजच्या बोर्डाकडे जाईल. आणि बोर्डावर दोघं-तिघं असे आहेत, जे स्पेलिंग चुकायची वाटच पाहताहेत." डॉ. अमांचं परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. माझी इथली कामाची परवानगी या नोकरीवर टिकलेली होती, आणि नोकरी माझ्या अचूकपणावर. मी दोन वाक्यांची तालीम करत होते. एक: 'ही टोपली आमची आहे.' दुसरं: 'ही चूक माझी आहे.' वाटेत लीहाय व्हॅलीच्या आसपास कुठेतरी लक्षात आलं की मी पहिलंच वाक्य घोळवते आहे. ते म्हणताना पाठ ताठ होत होती. दुसऱ्याशी आले की मी खिडकीबाहेर बघू लागत होते.

सोमवारी आठला मी तळघरात उतरले. मनात एक भित्री आशा होती की मी चुकले असेन, कुंकवासारखं दिसणारं दुसरंही काही असू शकतं, वेत जगात सगळीकडेच वळतात. कार्डाचा खण उघडला. आमच्याकडे कार्डाची फक्त पुढची बाजू स्कॅन करतात. मागची बहुधा कोरी असते आणि वेळ वाचतो. मी ते कार्ड इतक्या वेळा पडद्यावर पाहिलं होतं की त्याला मागची बाजू असेल हे विसरूनच गेले होते. हातमोजा घालून ते उलटलं. पेन्सिलीने, अगदी फिक्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'धाकट्या बहिणीच्या ट्रंकेतून. शोलापूर.'

मी तिथेच स्टुलावर बसले. वाऱ्याच्या यंत्राचा एकसुरी आवाज येत होता. त्या मिशनऱ्याच्या बहिणीने सोलापुरातल्या एका बाईकडून ही घेतली होती, मागून की विकत की आणखी कशी, ते कार्डावर नव्हतं. त्या बाईने ती द्यायच्या आधी रिकामी केली असेल का, हेही नव्हतं. त्या बाईचं नाव नव्हतं. नाव होतं ते पर्डीचं, आणि ते मी ठेवलेलं.

बाकीची सदतीस कार्डंही उलटून वाचली आणि वर निघाले, तेव्हा साडेनऊला लिंडा जिन्यात भेटल्या. हातात कॉफी, कानाला फोन, सोबत कॉलेजचे वकील. मी म्हटलं, "एक मिनिट बोलायचं होतं." त्यांनी फोनवर हात ठेवला. "लेबलांचं आहे का? दुपारी बघू, चालेल?" आणि मी, ज्या माणसाला खरोखर एक मिनिट हवं असतं त्याने कसं उभं राहावं हे कधीच न शिकलेली मी, "चालेल," म्हणाले आणि भिंतीला टेकून त्यांना वाट दिली.

बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. उंच खिडक्या, लांब टेबल, मधोमध कुणीतरी आणून ठेवलेली शेवंतीची कुंडी, तिचा तो कडवट, ओला वास. डॉ. अमांनी आज निळ्या-सोनेरी कापडाचा झगा घातला होता आणि डोक्याला त्याच कापडाचं उंच बांधणं. अशा पोशाखात माणूस सहीला येतो तेव्हा ती नुसती सही राहत नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना जाणवत होतं. हिशेबनिसांनी फोन काढून ठेवला होता, फोटोसाठी. वकिलांनी यादीच्या दोन प्रती समोर सरकवल्या, पेनचं टोपण काढलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "सह्यांआधी कुणाला काही विचारायचं आहे?"

तो प्रश्न उत्तरासाठी नव्हता. डॉ. अमांनी पेन हातात घेतलंही होतं. मी टेबलाच्या टोकाला बसले होते, पाण्याच्या भांड्याशेजारी. आतापर्यंत मी माझ्या गप्प राहण्याला नीटनेटकेपणा समजत आले होते. कुणाच्या मध्ये येत नाही, कुणावर डाग पडू देत नाही. त्या दोन सेकंदांत पहिल्यांदा वाटलं की गप्प राहणं हीसुद्धा एक नोंदच असते. रकाना कोरा दिसतो, पण तो मी भरलेला असतो.

"थांबा," मी म्हणाले. मराठीतच. कुणालाही कळलं नाही, पण सगळे थांबले.

मग मी इंग्रजीत सांगितलं. सत्तावीस नंबर. तो शब्द एका टोपलीचा आहे, माणसाचा नाही. ती भारतातून आलेली आहे. कार्डाच्या मागे लिहिलेलं आहे. आवाज माझा मलाच परका, पातळ वाटत होता. लिंडांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. हिशेबनिसांनी फोन हळूच खिशात ठेवला. वकिलांनी पेनचं टोपण लावलं. तो टक् असा बारीकसा आवाज मला अजून ऐकू येतो.

"म्हणजे यादी सदोष आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "मग आज काही करता येणार नाही. सगळीच बोर्डाकडे परत पाठवावी लागेल. डॉक्टर, तुम्हाला इतक्या लांबून यावं लागलं, मला वाईट वाटतं."

डॉ. अमांनी पेन टेबलावर ठेवलं, दोन्ही हात झग्यावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. हे असं होणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, फक्त ते कुणाच्या तोंडून होणार एवढंच ठाऊक नव्हतं, असं काहीसं त्या पाहण्यात होतं. ते मला सहन होईना. माझं बोलून झालं होतं. आता खाली बघून बसायचं, अशी माझी आयुष्यभराची पद्धत. पण मी उभी होते. कधी उभी राहिले ते आठवत नाही.

"नाही," मी म्हणाले. "चूक यादीची नाही, माझी आहे. तो माणूस मी तयार केला. डॉ. अमांना शुक्रवारीच शंका आली होती आणि मी त्यांना उत्तर दिलं नाही. सत्ताविसावी ओळ खोडा, शेजारी माझं नाव लिहा, मी सही करते. बाकीच्या सदतीस वस्तूंची कार्डं मी आज सकाळी दोन्ही बाजूंनी वाचली आहेत. त्या यांच्या आहेत. त्यांच्यावर सही आत्ता करा."